जमिनीकडची काच

खडकाळ टोकावरच्या त्या जुन्या दीपगृहाचा दिवा ज्यांनी उभा जन्म सांभाळला, त्यांना सगळी वस्ती दिवेकाका म्हणायची. माणूस कामाला वाघ, पण नियमापुढे सख्ख्या भावालाही ओळख न दाखवणारा. असली माणसं वाईट नसतात, हाल फक्त त्यांच्या घरच्यांचे होतात.

दिव्याभोवतीच्या काचांपैकी जमिनीकडच्या काळ्या रंगवलेल्या असत. उजेड समुद्रासाठी, वस्तीतल्या लोकांची झोप उडवून काय मिळणार? रंग जरा विटला की काका डबा घेऊन वर चढायचे आणि आणखी एक थर द्यायचे. त्यांचं घर नेमकं त्याच बाजूला, पायथ्याशी. काकूंना नवऱ्याचा दिवा घरातून कधी दिसला नाही. "दिव्याखाली अंधार म्हणतात, तो आमच्याकडे नांदतो," असं म्हणून त्या हसायच्या आणि संध्याकाळी टोकापर्यंत चालत जाऊन दिवा बघून यायच्या.

पुढे काकूंनी अंथरूण धरलं आणि ते चालणंही सुटलं. एकदा म्हणाल्या, "अहो, त्या काचेचा थोडा रंग खरवडा ना. वाटीएवढा. पडल्या पडल्या बघत जाईन."

"अगं, एखादी होडी फसेल. नियम आहे तो."

"इकडे कुठल्या आल्यात होड्या? इकडे आपल्या कोंबड्या आहेत."

काकांना हसू आलं. "बघू," ते म्हणाले. आपल्याकडे 'बघू' म्हणजे 'नाही', हे काकूंना काय कळत नव्हतं? त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. थंडी सरायच्या आत त्या गेल्या.

मग पलीकडच्या टोकावर आपोआप लागणारा नवा दिवा आला. साहेब येऊन सांगून गेले, "काका, आता रंगबिंग राहू द्या. हा दिवा बंद."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका पत्र्याचा तुकडा घेऊन वर चढले. रंग लवकर निघेना. थरावर थर त्यांनीच चढवले होते. वाटीएवढी काच मोकळी झाली तेव्हा त्यांनी डोळा लावला. समोर त्यांची खिडकी, आणि खिडकीला लागून काकूंची रिकामी खाट. उजेड थेट तिच्या उशाशी पडला असता. काका तिथेच बसले आणि लहान पोरासारखे रडले.

खाली होडी एकही नव्हती. अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या.