ओल पुरेशी आहे

माय कुणाला मिरचीची रोपं द्यायची, तर आठव्या दिवशी न बोलावता त्याच्या वावरात जायची. रोपं लागली का, पाणी कमी पडतंय का, बघायची. "रोप देनं सोपं हाय," ती म्हणायची, "जगलं का नाही, हे पाह्यनंबी देनाऱ्याचंच काम." मला तिची ती धावपळ नको वाटायची.

केनवडच्या बाजारात भाजी विकून आमचं घर चालायचं. एका श्रीमंत देशाच्या मदतीतून आमच्या मिरचीत ओल मोजणारा खांब बसला. आलेले परदेशी पाहुणे दुभाष्यामार्फत म्हणाले, "आमच्या कारखान्यांच्या धुरानं तुमचा पाऊस बिघडला. तुम्हाला मदत करणं आमची जबाबदारीच आहे." मला बरं वाटलं. एवढं सरळ कोण कबूल करतं?

माय म्हणाली, "जिम्मेदारी म्हंता, तं पाहाले येत जा." सगळे हसले. दुभाष्यानं ते त्यांना सांगितलं की नाही, कोण जाणे.

तेव्हापासून रोज सकाळी सहाला मायच्या मोबाइलवर एका बाईचा आवाज यायचा. आधी एक श्वास. मग "आज पाणी द्या," नाहीतर "जमिनीत ओल पुरेशी आहे, पाणी देऊ नका." शेवटी "आपला दिवस शुभ असो." आवाज यंत्राचा होता, तरी माय "हो बाई" म्हणायची. पहिल्या वर्षी मिरची अशी लागली, की मायनं मातीत बोट घालून ओल बघणंच सोडलं.

दुसऱ्या वर्षी तो मदतीचा प्रकल्प संपला. खांब तपासणारा माणूस यायचा बंद झाला. फोन मात्र येत राहिला.

उन्हाळ्यात मिरचीनं माना टाकल्या. फोन म्हणाला, ओल पुरेशी आहे. मी मोटर चालू करायला निघालो, तर मायनं हात धरला. "आपल्याले वरचं दिसते. तिले आतलं दिसते." असे सात दिवस गेले. विहिरीत पाणी असून झाडं वाळत होती, आणि जन्म मातीत घालवलेली माझी माय त्या आवाजाचं ऐकत होती. मला तिचीच भीती वाटू लागली.

आठव्या दिवशी मी चिडून खांब उपटला. आतल्या वायरी उंदरांनी कुरतडलेल्या होत्या. खांब गोठ्यात फरशीवर आडवा टाकला.

दुसऱ्या दिवशी सहाला फोन वाजला. तोच श्वास. "जमिनीत ओल पुरेशी आहे."

"मिरची मेली, बाई," माय म्हणाली. "देल्लं, तं एकदा पाहाले तं याचं."

"आपला दिवस शुभ असो."

मी म्हटलं, नंबर बंद कर. तिनं ऐकलं नाही. "कोनी पाहाले आलं नाही, म्हून आपन सांगाचंच नाही काय?"

यंदा तिनं पुन्हा मिरची लावलीय. पहाटे वावरात जाऊन मातीत बोट घालते, हवं तेवढं पाणी सोडते, आणि सहाला फोन उचलल्या उचलल्या जे असेल ते सांगते. पलीकडं कुणी ऐकत नाही, हे मला ठाऊक आहे. पण परवा ती "कोरडी हाय, बाई" म्हणाली, तेव्हा तो श्वास नेहमीपेक्षा लांबला. बराच लांबला. आणि मग आवाज म्हणाला, जमिनीत ओल पुरेशी आहे.