कधीच न चिकटवलेलं तिकीट

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की स्वतःचाच राग येतो.

मी तेव्हा राहुरी तालुक्यात फौजदार म्हणून नेमणुकीला होतो. देवळाली प्रवऱ्याचे एक निवृत्त गुरुजी अर्ज घेऊन आले. जुनी पोस्टाची तिकिटं जमवण्याचा त्यांना नाद. मोबाईलवर जाहिरात पाहून त्यांनी एक मागवलं होतं. "कोरं म्हणून घेतलं साहेब, आणि मागे हा डाग! सरळ फसवणूक आहे," ते म्हणाले. जाहिरातीची प्रत अर्जाला जोडली होती. तिकिटाच्या फोटोखाली नुसतं 'एमएच' लिहिलेलं. मला वाटलं, गाडीच्या नंबराला असतं तसं महाराष्ट्राचं काहीतरी असेल. मी पुढे विचारलंच नाही.

विकणारा सुप्याच्या कारखान्यात कामाला होता. बोलावल्यावर पाळी संपवून तसाच आला, वडिलांचा अल्बम काखेत धरून. वडील वारल्यावर तो एकेक तिकीट विकत होता.

"मी लिव्हलंय तसंच धाडलंय, साहेब. वडलांनी पेन्सिलनं खाली लिव्हलेलं हाय, त्येच उतरवलं."

चोर तो चोर आणि वर शिरजोर, मी मनात म्हटलं. अल्बम चाळला तर शेवटच्या पानावर अगदी तसंच तिकीट, मागून-पुढून लख्ख.

"हे का नाही विकलंस?"

"त्येवढं विकू नको म्हनून सांगून गेले वडील."

मी लगेच हिशेब जुळवला. चांगलं स्वतःकडे ठेवायचं, डागी गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारायचं. खरं तर गुन्हा दाखल नव्हता, नुसता चौकशीचा अर्ज होता. तरी मी अल्बमातलं ते लख्ख तिकीट जप्त केलं. एवढीशी वस्तू कागदपत्रांत हरवली तर उद्या आपल्याच अंगाशी येते, म्हणून हवालदारांना म्हणालो, "पंचनाम्याच्या कागदालाच डकवा, शेजारी पंचांच्या सह्या घ्या." हवालदारांनी पत्राला लावतात तसं जिभेवर ओलं करून ते दाबून बसवलं.

बाकावरून तो ताडकन उठला. "साहेब, त्येला तसं करू नका, त्ये..."

"खाली बस!" मी ओरडलो. तो बसला.

दोन दिवसांनी नगरहून एका निवृत्त पोस्टमास्तरांना मुद्दाम बोलावलं. त्यांचा उभा जन्म तिकिटांत गेलेला. जाहिरात वाचून ते हसलेच. "एमएच म्हणजे तिकीट कोरं, पण अल्बमात लावायला मागे एकदा कागदी पट्टी डकवलेलं. तो डाग राहणारच. एमएनएच असेल तर कधीच काही न लावलेलं, मूळ डिंक शाबूत. ह्या माणसानं काडीचंही खोटं लिहिलेलं नाही."

मग मी पंचनामा पुढे केला. त्यांचं हसू मावळलं. "हे कुणी केलं?" हवालदार माझ्याकडे बघू लागले.

पोस्टमास्तरांनी पाण्यात भिजवून तिकीट अलगद सोडवलं. तिकीट आलं, डिंक पाण्यात गेला. "आता ह्याला एनजी म्हणायचं. डिंक नसलेलं," ते हळू आवाजात म्हणाले.

गुरुजींनी ओशाळून अर्ज मागे घेतला. त्या माणसाला बोलावून मी पोस्टमास्तरांचं सगळं बोलणं सांगितलं, तिकीट हातात दिलं आणि म्हणालो, "माझी चूक झाली." एवढ्या नोकरीत टेबलापलीकडच्या माणसाला हे शब्द पहिल्यांदाच म्हणत होतो.

त्यानं तिकीट उलटून मागची बाजू बघितली. "वडलांनी चाळीस वर्सं ह्येला कुनाला बोट लावू दिलं न्हाई, साहेब."

मग त्यानं माझ्या टेबलावरचं खोडरबर मागितलं. अल्बमात त्या जागेखाली वडिलांच्या अक्षरात 'एमएनएच' होतं. ते त्यानं सावकाश खोडलं, कचरा फुंकला आणि 'एनजी' लिहिलं.

"विकायचं नाही ना ते? मग कशाला बदलतोस?"

"वडलांच्या वहीत खोटं ऱ्हायला नको."

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, अर्जातलं अक्षरन् अक्षर समजल्याशिवाय मी कुणाला बाकावर बसवलं नाही. आणि बाकावरचा माणूस बोलू लागला की त्याचं वाक्य पुरं होऊ दिलं. त्या दिवशीही तेवढं केलं असतं, तर एका बापाचं अक्षर त्याच्या मुलाला माझ्यासमोर खोडावं लागलं नसतं.