डाव्या पायाचं पेडल

आमच्या हार्डवेअरच्या दुकानात काय मिळत नाही ते विचारा. पाटोद्यात कुणाची मोटर बिघडू दे, कुणाचं दार निखळू दे, माणूस आधी आमच्या काउंटरवर येतो आणि मी बसल्या जागेवरून डब्यात हात घालून त्याला हवा तो नट काढून देते. म्हणून आप्पांच्या गाडीचा पहिला नट खोलायला घेतला आणि दुकानातला एकही पाना त्याला बसेना, तेव्हा माझं डोकंच फिरलं. बारा नंबरचा पाना गरगर फिरायचा, अकराचा आत शिरायचा नाही. गाडी विलायती, तिची सगळी मापं इंचातली. दुनियेला नट विकणारी मी, आणि माझ्याच घरातली गाडी मला दाद देईना!

आप्पा म्हणजे माझे वडील. मी शाळेत जायच्याही आधी त्यांनी ही गाडी हैदराबादच्या एका जुन्या घरातून आणली. दोनच सीट, वर टप नाही, नाक लांबलचक, आणि जमिनीला इतकी लागून की आत बसलं की रस्त्यातलं कुत्रं आपल्या डोळ्यांत डोळे घालून बघायचं. पाटोद्यात तशी गाडी तेव्हाही नव्हती, आजही नाही. आप्पा गेल्यावर ती दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सरकीच्या पोत्यांआड पडून राहिली.

माझा डावा पाय लहानपणापासून लुळा आहे. मांडीपर्यंत कॅलिपर असतं, लोखंडी पट्ट्यांचं. त्याचं रडगाणं मी कुणापुढे गात नाही. दुकान चालवते, मागे जोडचाकं लावलेली स्कूटर चालवते, भांडायचं असेल तर उभ्याने भांडते. पण गाडीचा क्लच डाव्या पायानं दाबायचा असतो, आणि तो पाय काही माझं ऐकत नाही. घरात सगळ्यांना वाटलं, हिला आप्पांची आठवण म्हणून गाडी उभी करायची आहे. मला ती चालवायची होती. स्वतः. ते मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं.

अण्णा, माझा मोठा भाऊ, शेती आणि ऊस बघतो. त्याचा जीव मूळ गाडीत. जुन्या गाड्या जमवणारे एक गृहस्थ पुण्याहून येऊन बघून गेले होते आणि एकही स्क्रू बदलू नका असं बजावून गेले होते. तेव्हापासून अण्णाच्या तोंडी तेच.

"अगं, वरिजिनल गाडीची वाट कावून लावतीस?"

"उंदरांनी सीट खाल्ली, तवा तुझं वरिजिनल कुठं गेलतं?" मी म्हटलं.

आई मध्ये पडली, "खेळू दे रे तिला," असं म्हणाली. मला ते जास्त झोंबलं.

मदतीला मिळाला एक ट्रॅक्टरचा मिस्त्री. ऊसतोडीचा हंगाम, त्याच्या गॅरेजसमोर ट्रॅक्टरची रांग, तरी दुपारी जेवायच्या सुट्टीत तो आमच्या शेडमध्ये यायचा. पहिल्या दिवशी बॉनेट उघडून बराच वेळ बघत बसला आणि म्हणाला, "ताई, खरं सांगू का? मला यातलं कायबी कळत न्हाई." मी म्हटलं, मलाही नाही, म्हणजे बरोबरी झाली. मग आम्ही दोघं मोबाईलवर इंग्रजांचे व्हिडिओ लावून गाडी खोलायला लागलो. इंचाचे पाने मी मागवून घेतले. ते आले त्या दिवशी पहिला नट असा काही मऊपणे सुटला की मी तो खिशात घालून दुकानभर मिरवले.

हिवाळ्यात इंजिन पहिल्यांदा चालू झालं. मी ओरडले. समोरच्या किराणा दुकानातली माणसं धावत आली. त्यांना वाटलं, शेडमध्ये साप निघाला.

पण चाल नीट नव्हती, इंजिन लंगडत होतं. त्याला पेट्रोल पाजायला दोन कार्बोरेटर, आणि दोघांनी सारखीच हवा ओढली पाहिजे. ते मापायचं एक यंत्र मिळतं म्हणे. गवंड्यांना आम्ही विकतो तो लेव्हलचा पाईप मी हातभर कापला, एक टोक कानाला लावलं, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. एक सूं करत होता, दुसरा नुसता फुसफुसत होता. मिस्त्री स्क्रू केसभर फिरवायचा, मी पाईप इकडून तिकडे न्यायची, चिडायची, पुन्हा ऐकायची. शेवटी दोन्हींचा आवाज एक झाला आणि सगळी गाडी एकदम शांत, गोड घुमायला लागली. मिस्त्रीनं टोपी काढून हवेत उडवली. मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी एकाही गिऱ्हाइकावर खेकसले नाही.

मग पुढच्या चाकांना भंगारातल्या एका लहान गाडीचे डिस्क ब्रेक बसवले. अण्णानं नाक मुरडलं. मी ऐकलं नाही. खरा प्रश्न क्लचचा होता. आम्ही ठरवलं, गियरच्या दांड्यालाच मोटरसायकलसारखी मूठ लावायची. मूठ आवळली की क्लच दबला पाहिजे, म्हणजे डाव्या हातानंच क्लच आणि गियर दोन्ही. पहिली केबल खाडकन तुटली. दुसरी टिकली, पण मूठ इतकी जड की मिस्त्रीच्याही मनगटाला कळ लागली. मग त्यालाच सुचलं की गाड्यांचा ब्रेक हलका करायला एक डबा असतो, तो इंजिनाच्या हवेच्या ओढीवर चालतो. तोच क्लचला लावून बघू. लावला. मी मूठ आवळली आणि क्लच लोण्यासारखा दबला. मी मिस्त्रीकडे बघितलं, मिस्त्रीनं माझ्याकडे. आम्ही दोघंही येड्यासारखे हसत सुटलो.

एक अडचण राहिली. आत जागा इतकी अरुंद की माझं कॅलिपर क्लचच्या पेडलला अडायचं. आता त्या पेडलचं काम तरी काय होतं? मी अण्णाला फोन लावला. तो कड्याला कारखान्यावर उसाच्या ट्रॉल्यांच्या रांगेत उभा होता, मागे ट्रॅक्टरांचा गोंगाट. "अण्णा, पेडल कापून काढतेय." "हां हां, काढ काढ," तो म्हणाला. मिस्त्रीनं ते कापलं.

गाडी बाहेर काढायला गुढीपाडवा ठरला. पाडव्याचा अख्खा दिवस मुहूर्ताचा, तरी आईनं जंगम स्वामींकडून वेगळी वेळ काढून आणली. स्वामींनी बॉनेटवर विभूतीचे तीन पट्टे ओढले, हार घातला, नारळ फुटला, चारी चाकांपुढे लिंबं ठेवली. गल्ली गोळा झाली. आणि आई म्हणाली, "पहिल्यांदा घरातल्या मोठ्यानं बसायचं असतंय. बस रे."

माझे कान तापले. पण सणाच्या दिवशी स्वामींसमोर तोंड उघडायचं नाही म्हणून गप्प राहिले. महिनोन्‌महिने ग्रीसमध्ये हात घातले ते कशासाठी, असं वाटून रडू आलं, आणि रडू आल्याचा राग आला.

अण्णा रुबाबात बसला. इंजिन चालू केलं. डावा पाय क्लचवर दाबला, म्हणजे नुसता चटईवर आपटला, आणि दांडा पुढे ढकलला. करर्र करून गियरचे दात घासले, गाडीनं उडी मारली आणि लिंबांच्या अलीकडेच बंद पडली. तो खाली वाकून बघायला लागला.

"पेडल कुठं गेलं बे?" त्यानं मिस्त्रीला विचारलं.

"भंगारात," मी म्हटलं. "तुला फोन केलता. हां हां म्हणलास."

गल्ली हसून हसून लोळली. अण्णानं मूठ आवळून बघितली, झटकन सोडली, गाडी पुन्हा बंद. इतकी वर्षं पायानं गाडी चालवणारा माणूस. त्याचा पाय काही केल्या विसरेना. स्वामी घड्याळाकडे बघायला लागले आणि आईचा धीर सुटला.

"उतर रे तू! येळ चाललीय सगळी. तिला बसू दे!"

मी बसले. कॅलिपरची कडी सोडली, पाय हातानं आत घेतला. माझा परवाना शिकाऊ, म्हणून अण्णा मुकाट्यानं शेजारी येऊन बसला. मूठ आवळली, पहिला टाकला, आणि हळूहळू सोडत गेले. पुढची दोन लिंबं फुटली, मग मागची दोन. तिथं थांबायचं असतं, प्रसाद घ्यायचा असतो. मी थांबले नाही. आई ताट घेऊन मागून ओरडत होती.

बसस्टँड गेलं, गाव मागे पडलं. मांजरसुंब्याच्या रस्त्याला लागल्यावर तिसरा टाकला. वारा थेट तोंडावर, बॉनेटवरच्या हाराची फुलं उडून काचेवर येत होती, आणि मी गाडी चालवत होते. मी! छाती इतकी धडधडत होती की इंजिनाची कुठली आणि माझी कुठली ते कळेना. प्रत्येक गियरला अण्णाचा डावा पाय आपोआप चटई दाबत होता. मी हसले तर तो म्हणाला, "रस्त्याकडं बघ." मग मी एका हातानं मूठ आवळून गियर बदलताना बघून म्हणाला, "हलकं हाय गं, लई हलकं."

चढावर एका हॉटेलापुढे थांबलो. चहावाला हात पुसत बाहेर आला, गाडीभोवती फिरला, आणि मला ओलांडून थेट अण्णापाशी गेला.

"मालक, किती पळती ही?"

"मला कावून इचारतो बे?" अण्णा म्हणाला. "गाडी तिची हाय."

चहावाला माझ्याकडे वळला.

"अजून बघायचंय," मी म्हटलं, आणि मूठ आवळली.