कोंडाण्याची शिट्टी

ऐका हो ऐका. कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांतील समस्त शेतकरी, दुकानदार, पेन्शनर आणि पारावर बसून जगाचा कारभार पाहणारी निरुद्योगी मंडळी यांना या दवंडीने अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, कोंडाणे गावची सुप्रसिद्ध शिट्टी माघ महिन्यात एका भर दुपारी कायमची बंद झाली आहे. सर्वांनी टोप्या काढाव्यात. ज्यांना टोप्या नाहीत त्यांनी निदान विडी विझवावी.

ही दवंडी माझ्या मनाची नाही. ती ज्याच्यासाठी आहे त्याचीच ही फर्माईश होती. "वामन्या, मी गेलो की रडू नको. तू नाटकात रडतोस तेव्हा लोक हसत्यात. त्यापरीस दवंडी पिटव," असे धोंडूने मला बजावून ठेवले होते. दर गणपतीत आमच्या नाटकात मी दुष्ट सरदार होतो आणि शेवटच्या अंकात रडत मरतो, त्याला उद्देशून हा टोमणा. एरवी माझे कर्जतच्या बाजारात कापडाचे दुकान आहे. धोंडू कोंडाण्याचा, भाताची शेती करणारा, आणि शाळेत आम्ही एकाच बाकावर बसून एकाच छडीचा मार खाल्लेला. त्याचा पुतण्या दुकानाच्या पायरीशी आला आणि टोपी काढून उभा राहिला, तेव्हा मी गिऱ्हाइकाला धोतरजोडी दाखवत होतो. घडी उलगडलेली तशीच राहिली...

शिट्टी म्हणजे धोंडूची छाती. त्याला दमा होता. पोरवयात थंडीपुरता, मग झोडणीच्या दिवसांत भाताची धूळ उडाली की, आणि चाळिशी आली तसा बारमाही. श्वास सोडताना त्याच्या छातीतून बारीक, लांब शीळ निघे. तो बोळातून येऊ लागला की माझ्या दुकानातली माणसे म्हणत, "शेट, तुमची गाडी आली." धोंडू आत येई, गादीच्या कडेला टेके आणि बोलण्याइतका वारा गोळा होईपर्यंत एक बोट वर करून बसे. ते बोट खाली आले की पहिला शब्द बहुधा शिवी असे.

त्याला आडवे निजता येत नसे. आडवे झाले की छातीवर कोणी तरी बसल्यासारखे व्हायचे. घरात भाताची मोठी कणगी होती, शेणाने सारवलेली. तिला पाठ लावून तो बसल्या बसल्या झोपायचा. पाठीशी पेंढ्याने भरलेले पोते असे. त्या पेंढ्याच्या धुळीनेच निम्मा दमा पोसला जातोय, हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. औषधे सगळी करून झाली होती. एका वैद्याने धोतऱ्याच्या पानांचा धूर ओढायला सांगितला; त्याने छाती थोडी मोकळी झाली, पण धोंडू भिंतीशी गप्पा मारू लागला. शेवटी त्याच्या बायकोनेच, म्हणजे आमच्या वहिनींनी, त्याला बैलगाडीत घातले आणि कर्जतच्या डॉक्टरांकडे आणले. वहिनी खालापूरकडच्या. मोजके बोलणाऱ्या, आणि बोलल्या की विषय संपवणाऱ्या.

डॉक्टरांनी त्याला इफेड्रिनच्या गोळ्या दिल्या. लढाईचे दिवस होते, गोळ्या सहजी मिळत नसत, पण त्यांनी कुठून तरी मिळवल्या. पहिल्या गोळीनंतर धोंडू माझ्या दुकानात आला तो चक्क शिट्टी न वाजवता. मी कापड मोजत होतो, मला कळलेच नाही. मागून आवाज आला, "वामन्या, गजात चोरी करू नको." वळून पाहतो तर हा उभा, तोंड मिटून नाकाने श्वास घेतोय आणि लहान पोराने नवा सदरा दाखवावा तसा तो श्वास मला दाखवतोय. त्या दिवशी तो दुकानात उगाच इकडून तिकडे चालला. "अरं, हवा गोड असत्ये. तू सांगितलं नायस कधी," म्हणाला.

आता जत्रेची गोष्ट. ती मी आजवर शेकडो वेळा सांगितली असेल, आणि दर खेपेला धोंडूच शेजारी बसून माझ्या चुका काढायचा. आज पहिल्यांदा कोणी चूक काढणार नाही.

कोंडाण्याच्या देवीची पालखी चैत्रात निघते. पुढच्या दांड्याला उजवा खांदा द्यायचा मान धोंडूच्या घराण्याचा. त्याच्या बापाचा, आज्याचा. दम्यामुळे काही वर्षे हा खांदा चुलतभावाकडे गेला होता आणि धोंडू पालखीमागून, लोकांना शिट्टी ऐकू येऊ नये इतके अंतर राखून चालत असे. गोळीने गुण आला तसे त्याने जाहीर केले, यंदा खांदा माझा. सकाळी नेमाची एक गोळी घेतली. पालखी उचलायच्या आधी त्याने हिशोब केला असावा, की एका गोळीने माणूस चालतो, तर चढावर पालखी न्यायला एक पुरायची नाही. म्हणून त्याने लागोपाठ आणखी दोन गिळल्या, आणि वर गुळाचा कडक कोरा चहा.

पालखी उचलली. मी जत्रेला गेलो होतो, मी पाहिले, धोंडू ताठ मानेने चढ चढत होता. गाव वळून वळून बघत होते. पिंपळाच्या पारापाशी मात्र त्याचे हात थरथरू लागले. मग खांदा. मग दांडा, आणि दांड्याबरोबर पालखी. तोंडावर घामाच्या धारा, डोळे विस्फारलेले, दात वाजतायत. आमच्या भागात असे थरथरणारा माणूस दिसला तर डॉक्टर कोणाला आठवत नाही. वाजंत्र्यांनी चाल बदलली, बायांनी हात जोडले, भगताने मूठभर भंडारा धोंडूच्या डोक्यावर उधळला आणि ललकारी दिली. देवी धोंडूच्या अंगात आली होती.

इतक्या वर्षांनी आलेली देवी रिकामी कशी जाऊ द्यायची? एक म्हातारी पुढे सरसावली. "आई, माझी म्हस कुठं गेली, सांग."

"मला काय ठावं," धोंडू धापा टाकत म्हणाला. "माझी छाती फुटायला आल्ये, ती बघ आदी."

"आई म्हनत्ये, छाती घट्ट कर, म्हस गावंल," भगताने उलगडा केला. म्हातारीने धोंडूच्या पायावर डोके ठेवले.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत वहिनी आल्या. देवीची भीडभाड न ठेवता त्यांनी सरळ विचारले, "किती खाल्ल्या?"

धोंडूला बोलवेना. त्याने तीन बोटे वर केली.

"आई तीन नारळ मागत्ये," भगत गरजला.

"नारळ नाय, गोळ्या," वहिनी म्हणाल्या. "खांदा काढून घ्या रं कोनी तरी. आन् गाडी जुंपा."

हसू येते ना? मलाही आले होते, पारापासून गाडीपर्यंत. गाडीत धोंडूने माझा हात धरून आपल्या छातीवर ठेवला. आत भातगिरणीचे इंजिन पट्टा निसटल्यावर उधळते तसे काहीतरी चालले होते. "हे थांबल का रं?" त्याने विचारले. मी आयुष्यात पहिल्यांदाच नाटकी बोलू शकलो नाही. गाडीवानाला फक्त म्हणालो, बैल दामट.

डॉक्टरांनी त्याला दिवे लागेपर्यंत दवाखान्यात बसवून ठेवले, नाडी पाहात. धडधड उतरली तेव्हा ते त्याच्यासमोर स्टूल ओढून बसले. "धोंडू, चढावर बैल अडला तर चाबूक किती मारतोस?"

"एक."

"तीन मारले तर?"

"गाडी दरीत."

"ही गोळी छातीतल्या नळ्या मोकळ्या करते, पण काळजाला चाबूकही मारते. मी सांगितली तेवढीच घ्यायची, मी सांगितलेल्या अंतरानेच. संध्याकाळी उशिरा नको, झोप उडेल. वर कडक चहा ढोसायचा नाही. आणि हे सगळ्यांत नीट ऐक. नेहमी गुण देणारी गोळी एखाद्या दिवशी गुण देईना, किंवा वरचेवर लागायला लागली, तर दुसरी तोंडात टाकायची नाही. गाडी जुंपायची आणि माझ्याकडे यायचं. ते दुखणं मग गोळीचं राहिलेलं नसतं."

"आन् पालखी?"

"पालखी हवी की श्वास?"

धोंडूने एक बोट वर केले, मग खाली घेतले. मला वाटले, आता शिवी येणार. पण तो हळूच म्हणाला, "बाप मेला त्या साली पन त्यानं खांदा दिला हुता..." आणि उठून गाडीत जाऊन बसला.

त्या दिवसापासून गोळ्यांची बाटली वहिनींच्या ताब्यात गेली. मागितली की आधी त्या त्याला न्याहाळत, मग एक काढून देत. दुसऱ्या कोणाला कधीच नाही. एका चुलत्याला धाप लागायची, तो मागायला आला. वहिनींनी त्याला डॉक्टरांकडे धाडले, तर त्याचे दुखणे दम्याचे नव्हतेच, काळजाचे होते. खुद्द भगतही एकदा संकोचत आला, त्या गोळ्या कुठे मिळतात म्हणून. वहिनी म्हणाल्या, "देव आनायला दाक्तरची चिठ्ठी लागत्ये."

पेंढ्याचे पोतेही डॉक्टरांनी जाळायला लावले. त्याच्या जागी मी दुकानातल्या चिंध्या धुऊन, उन्हात वाळवून एक तक्क्या भरून दिला. रंगीबेरंगी खणांचे तुकडे आत होते. "राजाच्या पाठीशी पन असा नसंल," धोंडू म्हणायचा. कणगी, तक्क्या आणि त्याला टेकलेला धोंडू, हे त्या घराचे दर्शनी चित्र झाले.

पुढच्या चैत्रात तो पिंपळाच्या पारावर जाऊन बसला, भोयांना पाणी द्यायला. पालखी पारापाशी आली. चुलतभावाने कोणालाही न विचारता पुढचा दांडा खाली झुकवला. धोंडूने बसल्या बसल्या त्यावर हात ठेवला, क्षणभर ठेवला, मग काढून घेतला. पालखी पुढे गेली. त्यानंतर दरवर्षी पालखी तिथे झुकायची. परगावचे लोक विचारीत, इथे कोणते स्थान आहे? गावकरी म्हणत, हाय एक.

औषधाने दमा गेला नाही. पण त्याने धोंडूला बरीच वर्षे दिली; हसण्याची, टोमण्यांची, लेकीच्या लग्नात अक्षता टाकण्याची. गेल्या माघात त्याला ताप आला, छाती भरली. वहिनींनी गोळी दिली. गुण आला नाही. धोंडूने पुन्हा हात पुढे केला, आणि वहिनींनी बाटली पदरात बांधून गाडी जुंपायला सांगितले. डॉक्टरांनी कातडीखाली इंजेक्शन दिले, थोडा आराम पडला, मग पुढचे दिवस ते स्वतः कोंडाण्याला येत राहिले. न्यूमोनिया झाला होता. शेवटच्या दुपारी तक्क्याला टेकून त्याने एवढेच विचारले, बैलांना पाणी पाजले का? उत्तर येईपर्यंत तो गेला होता.

दिवसकार्य झाल्यावर वहिनींनी डॉक्टरांना गाठले. त्यांचा एकच प्रश्न होता. "त्यांनी हात पुढं केला हुता. मी दुसरी दिली असती तर?"

"नाही वहिनी. दुसरीने फक्त काळीज उधळलं असतं. तुम्ही वेळेवर गाडी जुंपलीत, म्हणून इतके दिवस तरी मिळाले."

वहिनींनी मान हलवली. पटले की नाही, कळले नाही. बाटली अजून त्यांच्या पदरात बांधलेली होती. ती सोडून त्यांनी डॉक्टरांच्या हाती दिली. उरलेल्या गोळ्या घरात नकोत, म्हणाल्या, कोनी तरी खाईल.

परवा मी कोंडाण्याला जाऊन आलो. कणगीला जिथे त्याची पाठ टेकायची तिथले सारवण गुळगुळीत झाले आहे, वहिनी तेवढी जागा सोडून बाकीची सारवतात. तक्क्या जागच्या जागी आहे. मध्यभागी खोलगट, माझ्या चिंध्या एका बाजूने बाहेर डोकावतायत. मी शिवायला सुई मागितली, तर वहिनी म्हणाल्या, "असू द्या, भावोजी." मी सुईचा नाद सोडला, आणि दुकानातल्यासारखा शिट्टीसाठी वाटेकडे कान लावून बसलो. सवय...

आणि मग मला पुन्हा तो गेला त्या दिवसाची संध्याकाळ दिसली. अंगणात तिरडी बांधून तयार होती. चुलतभावाने आणि आम्ही चौघांनी धोंडूला कणगीपासून उचलून बाहेर आणले. वहिनी तोवर एक शब्द बोलल्या नव्हत्या, रडल्याही नव्हत्या. आम्ही त्याचे पाय सरळ केले, मान खाली टेकवली, आणि कितीतरी वर्षांनी धोंडू पहिल्यांदाच पाठीवर उताणा निजला. तेवढ्यात ओटीवरून वहिनी धावत पुढे आल्या, आणि साऱ्या गावासमोर त्यांच्या तोंडून निघून गेले,

"आडवं नका रं करू त्यांना. दम लागंल."