नामेलेचं पान

तान्ना बेटाच्या पूर्वेकडे गाडी बिघडली की लोक आधी देवाचं नाव घेत आणि मग नालाऊचं. जुन्या पिकअपची नाडी त्याच्याइतकी कुणालाच कळत नसे. पण रीतिरिवाजाची गोष्ट निघाली की हा गडी शेपूट घालायचा, आणि लोक त्याच्या तोंडावर तसं म्हणतही.

त्या रविवारी त्याची धाकटी बहीण राएल अडली. बाळ आडवं आलं होतं आणि दवाखाना डोंगरापलीकडे. नालाऊने गाडी काढली. मागे चटईवर राएल, उशाशी तिचा नवरा योलू. ज्वालामुखीच्या राखेचं काळं पठार ओलांडून चढ लागला आणि पुढचं डावं चाक घळीत आपटलं. गाडीचं वजन पेलणाऱ्या कमानीचा मुख्य पाटा टोकाशीच मोडला. ॲक्सल मागे सरकला, चाक मडगार्डात रुतून बसलं.

"किती वेळ लागेल?" योलूने विचारलं.

नालाऊ समोर बघत होता. वीस पावलांवर, वडाखाली, अगदी याच जातीची गाडी गंजत पडली होती. तिचे पुढचे पाटे धड होते. तासाभराचं काम. पण तिच्या दारात नामेलेच्या झाडाचं पान खोचलेलं होतं. शेजारगावच्या कपालू मुखियाने जमिनीच्या भांडणात लावलेलं. असं पान दिसलं की हात लावायचा नाही, हे इथलं पोर बोलण्याआधी शिकतं. आणि कपालूची परवानगी आणायची तर जाऊन येईतो संध्याकाळ झाली असती.

"अरे, बघत काय बसलास? काढ तो पाटा!"

"पान आहे, योलू."

"दंडाचं डुक्कर देईन मी कपालूला! दोन देईन!"

"आधी डुक्कर द्यायचं, मग पान काढायचं. उलटं केलं तर दोन्ही गावं पेटतील."

"पेटू देत!"

योलू धावला. त्याची बोटं पानाला लागणार, तोच नालाऊने मनगट धरून त्याला मागे खेचलं.

"भांडू नका रे," राएल कण्हत म्हणाली. "दादा, कायतरी कर."

नालाऊने केलं. जॅक लावला, साखळीने ॲक्सल पुढे ओढून बांधला, लाकूड तासून पाचरीसारखं ठोकलं. तीन तास गेले. चढावर साखळी दोनदा ढिली पडली, दोनदा उतरून आवळावी लागली. दुसऱ्यांदा आवळताना राएलचं कण्हणं थांबलं. जरा डोळा लागला असेल, असं नालाऊला वाटलं. मग योलूची किंकाळी ऐकू आली. राएल गेली होती. पोटातलं बाळही तिच्याबरोबरच गेलं.

मातीला कपालू स्वतः चटई घेऊन आला. नालाऊने त्याला सगळं सांगितलं. म्हाताऱ्याने चटई खाली ठेवली.

"पान जमिनीसाठी होतं रे, लेकरा. त्या भंगाराचं मला काय करायचं होतं? न्यायचास पाटा, दुसऱ्या दिवशी एक कोंबडी आणून द्यायचीस. चार शब्द ओरडलो असतो, एवढंच."

योलू तिथेच उभा होता. त्याने सगळं ऐकलं. आता हा आपला गळा धरणार, असं नालाऊला वाटलं, आणि खरं तर तेच त्याला हवं होतं.

योलूने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मीसुद्धा हात लावला नसता, मेव्हण्या."

पण त्याचं मनगट नालाऊनेच मागे खेचलं होतं. तोवर नालाऊ रडला नव्हता. आता त्याला रडू फुटलं.

"शिवी दे रे मला," तो म्हणाला. "निदान एक तरी दे."

योलूने दिली नाही.