उणे चौदा मिलिमीटर

नाव: यज्ञेश्वर. वय: सत्तेचाळीस. हुद्दा: संगणक विभागप्रमुख, अभियांत्रिकी महाविद्यालय, यवतमाळ. विशेष कार्य: कापूस-पर्जन्य अंदाज प्रणालीचे एकमेव जनक. सदर प्रणाली गेली एकोणीस वर्षे निर्दोष चालू असून तीत कोणासही हस्तक्षेप करावा लागलेला नाही.

२००६ सालच्या प्रस्तावाला जोडलेलं हे वर्णन यज्ञेश्वररावांनी स्वतःच लिहिलं होतं.

त्या साली कापसाची दैना दिल्लीपर्यंत पोचली होती आणि दिल्लीहून उपाय निघाले होते. त्यातला एक महाविद्यालयाच्या वाट्याला आला: सोळा संगणक एकत्र जोडायचे आणि गावागणिक पावसाचा अंदाज काढायचा. प्रोसेसर कुठला घ्यायचा, आणि माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर कुठला, हे ठरवायला दोघांची समिती नेमली गेली. ज्याची शिफारस टिकेल तो या नव्या केंद्राचा प्रमुख होणार, हे कुणी बोललं नाही तरी सगळ्यांना ठाऊक होतं.

समितीतला दुसरा सलील. एकतीस वर्षांचा, पुण्याहून आलेला, आणि वाईट म्हणजे नम्र.

यज्ञेश्वररावांनी माहितीपत्रकातला सर्वांत जास्त गिगाहर्ट्झचा, म्हणजे सर्वांत वेगवान, प्रोसेसर पसंत केला. सलील म्हणाला, "सर, पत्रक राहू द्या. तुमचाच प्रोग्राम दोन्हींवर चालवून बघू. त्याचा वेळ हिशेबात कमी जातो, मेमरीतून आकडे यायची वाट बघण्यात जास्त."

एकोणीस वर्षांत हे यज्ञेश्वररावांना सुचलं नव्हतं.

चाचणीला दोन यंत्रं आली. यज्ञेश्वररावांच्या यंत्राला एक्केचाळीस मिनिटं लागली, सलीलच्या यंत्राला त्याने निवडलेल्या कंपायलरसह सव्वीस. सलील हसलासुद्धा नाही. निदान हसायला तरी हवं होतं.

घरी पत्नी शोभाताई म्हणाल्या, "त्या सलीलला जेवायला बोलवा ना एकदा. किती साधा आहे पोरगा!"

"त्याला कायले? मेसचं पचतं त्याला."

मग शुक्रवारी देव पावला. सलीलच्या कंपायलरने काढलेल्या तक्त्यात बोरी अरब गावाला उणे चौदा मिलिमीटर पाऊस होता.

"म्हंजे वरतं गेला का पाणी?" कार्यालयातल्या पूनमसिंगने विचारलं.

यज्ञेश्वरराव त्या दिवशी दोनदा चहा प्यायले. 'सदर कंपायलर अविश्वसनीय' असा अहवाल त्यांनी टाइप केला. पुरावा म्हणून ओळीचा क्रमांक द्यावा, या विचाराने शनिवारी दुपारी त्यांनी आपला प्रोग्राम उघडला, आणि तिथेच बसून राहिले. गावाच्या पावसाची बेरीज सुरू करण्याआधी ती शून्य करायची असते. ती त्यांनी कधीच केली नव्हती. शिपायाने न सांगता टेबल पुसून ठेवावं तसा जुना कंपायलर ती जागा गुपचूप शून्य करून देत होता. नव्या कंपायलरने तिथे पडलेला जुना आकडा तसाच उचलला होता.

अहवाल घडी होऊन खिशात गेला. द्यायचा की नाही, हे रविवारभर ठरलं नाही.

सोमवारी प्राचार्या मधुवंती मॅडमसमोर बैठक बसली आणि सलीलच आधी बोलला. "मॅडम, तो उणे आकडा माझ्यामुळे आला. मी कंपायलरला फार वेगाची सेटिंग दिली होती. सरांच्या प्रोग्रामात दोष नाही."

यज्ञेश्वररावांनी त्याच्याकडे पाहिलं. त्याला माहीत होतं. ती ओळ त्यालाही सापडली होती, आणि तो पांघरूण घालत होता. प्रोसेसर त्याचा, कंपायलर त्याचा, शोभाच्या तोंडी नाव त्याचं. आता मोठेपणाही त्याचाच?

"थांब," ते म्हणाले. "चूक माझी आहे. बेरीज शून्य करायची राहिली."

"राहू द्या ना सर..."

"राहू द्या कसं? प्रोग्राम माझा, चूकही माझी. तुझं त्यात काही नाही!"

पूनमसिंग इतिवृत्त लिहीत होता. "मंग लिवू का सायेब, चूक यज्ञेश्वर सरायची?"

"लिही. एकट्याची."

सलीलचा प्रोसेसर आला, सलीलचा कंपायलर आला, आणि केंद्रप्रमुख म्हणून सलीलची नेमणूक झाली. उपरोक्त निर्दोष प्रणालीत एका ओळीची भर घालण्यात आली. यज्ञेश्वररावांचा चष्मा त्या दिवशी घरी राहिला होता, म्हणून ती सलीलने टाइप केली.