तुरटी फिरवलेलं पाणी

माफ करा. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या पोरानं कामाचे अनुभव लिहावेत, एवढं माझं काम मोठं नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, त्यामुळे लिहायलाही जरा बिचकतो. पण यातली चूक माझी आहे. ती मीच सांगितलेली बरी.

कॉलेज सुटल्यावर मी चिखलीत पाणी तपासणाऱ्या एका लॅबमध्ये काम करतो. पाण्याचं सॅम्पल देऊन गेलेल्या सुनीताकाकू रिपोर्ट घेऊन परत आल्या, तेव्हा काउंटरवर मीच होतो.

"काऊन बापू, पाणी चांगलं हाय म्हणते हा कागद. मंग माह्या चौथीतल्या पोराले कालचा पाढा आज काऊन आठवत नाही?"

त्यांच्या गावात शाळेला लागून जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं काढायचा कारखाना होता. तो बंद पडला, शिसं मुरलेली माती तशीच राहिली. शिसं लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं. ही जागा साफ करा, असा अर्ज पालकांनी दिला होता. सोमवारी तहसीलमध्ये सुनावणी होती, आणि पुरावा एकच, शाळेच्या हापशीचं पाणी.

मी उरलेलं सॅम्पल उजेडात धरलं. पावसाळ्यातलं पाणी, आणि काचेसारखं नितळ.

"काकू, यात तुरटी फिरवली होती का?"

"हाव मंग! तुरटी फिरवली, फडक्यानं गायलं. लॅबात गढूय पाणी पाठवाव का? गावाची काही इज्जत हाय का नाही?"

तुरटीनं गाळ तळाला बसतो, फडक्यानं गाळलं की उरलासुरलाही जातो. गाळाला चिकटलेलं शिसंही त्याच्यासोबत निघून जातं. फॉर्मवर 'सॅम्पल कसं घेतलं' असा रकाना असतो. मी न विचारताच 'थेट हापशीवरून' लिहिलं होतं.

लॅबच्या सरांना सांगितलं.

"फॉर्म कोणी भरला?"

"मी, सर."

"मग आता जाणार कोण?"

"मीच."

"जा. आणि तिथं चहासुद्धा पिऊ नको बे, कोणी पक्षपात म्हणायला नको."

शनिवारी हापशीवर पालक जमले. पाणी येईल तसं, लॅबच्याच बाटलीत घ्यायचं, असं मी समजावलं. पाणी लालसर आलं. गढूळ पाणी पाहून एका बाबांना राहवेना. "पोरा, जरासं निवयू तं दे."

"हात लावसान तं पाहा!" सुनीताकाकू कडाडल्या. "आज गढूयच पायजे!"

सगळे हसले. त्यांच्यासमोर बाटली सील केली, सह्या घेतल्या.

सरांनी रविवारी लॅब उघडली. शिसं मर्यादेच्या वर निघालं. पहिला रिपोर्ट आम्ही लेखी रद्द केला. कारणात माझी चूक लिहिली आणि खाली सही मीच केली. सोमवारी हे रद्दपत्र आणि नवा रिपोर्ट, दोन्ही कागद काकूंनी स्वतः तहसीलमध्ये दिले.

शिकलो ते एवढंच, सॅम्पल फारच चांगलं दिसलं तर आणणाऱ्याला आधी विचारावं.

नंतर परीक्षा आली, बरेच दिवस काही कळलं नाही. काल काकूंचा फोन आला. हापशी बंद केली, टँकर येतो. माती खोदताना धूळ उडते म्हणून शाळा सध्या मंदिरात भरते. आणि कारखान्यातल्या मातीचा पहिला ट्रक, ताडपत्री बांधून, सकाळीच गावाबाहेर गेला.